बेगमची पहिली हजामत

जनार्दन जगदाळे घोड्याच्या बाबतीत कधी चुकत नाही, असं सगळ्या जयपूर शहरात दोन माणसं मानत होती. एक कुंवरसाहेब आणि दुसरा स्वतः जनार्दन. तिसरं माणूस म्हणजे त्याची बायको रत्नमाला. तिला कुणी विचारलं नव्हतं.

जनार्दन मूळचा फलटणकडचा. चोवीस वर्षं घोडदळात काढून दफेदार म्हणून पेन्शनीत निघाला आणि गावी जायचं सोडून इथंच राहिला, कारण गावी घोडे नव्हते आणि घोड्यांशिवाय त्याला कुणी जमादारजी म्हटलं नसतं. वैशाली नगरचे प्लॉट संपून जिथं बाजरीची शेतं लागतात, तिथं कुंवरसाहेबांचा पोलोचा तबेला होता. अठरा घोडे, त्यांची निगा राखणारे सहा सईस आणि त्या सगळ्यांवर जनार्दन. फाटकाजवळ दोन खोल्यांचं क्वार्टर, दारात नळ, मागे पेरूचं झाड. मूलबाळ नव्हतं. फलटणचं घर भावाने कधीच आपल्या नावावर करून घेतलं होतं. आठ वर्षं रत्नमालेने त्या पेरूला पाणी घातलं होतं, आणि आता ते क्वार्टर हेच त्या दोघांचं गाव होतं.

पंच्याऐंशी सालच्या कार्तिकात, पुष्करची जत्रा उठल्यावर एक दलाल घोडी घेऊन आला. रंग कुमैत, म्हणजे पिकल्या खजुरासारखा. अयाळ खांद्याखाली रुळणारी, कानांची टोकं एकमेकांना भिडणारी. गळ्याच्या मुळाशी केसांचा भोवरा होता. त्याला घोडेवाले देवमण म्हणतात, आणि तो असलेलं जनावर ज्याच्या दारात त्याचं भलं होतं असं मानतात. कुंवरसाहेबांकडे त्या वेळी पाहुणे बसले होते. जनार्दनने घोडीभोवती एक फेरा मारला, दात पाहिले, चारही खूर उचलून बघितले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “असली मालाणी है, हुकम. किसी ठाकुर के घर की. गली का पानी नहीं पिया इसने.”

मालाणी म्हणजे मारवाडातली नावाजलेली जात. दलालाने लगेच मान डोलावली. तो कशाला नाही म्हणतोय! कुंवरसाहेबांनी घोडी स्वतःच्या बसण्यासाठी ठेवून घेतली आणि तिचं नाव बेगम ठेवलं.

चौथ्या दिवशी रस्त्यावरून वरात गेली. बँड वाजायला लागला आणि बेगम ठाणातल्या ठाणात नाचायला लागली. एक पाय, दुसरा पाय, मान खाली, मान वर, सगळं ठेक्यात. जनार्दन हातात खरारा धरून बघतच राहिला. ठाकुराच्या घरची घोडी बँडवर नाचत नाही. बँडवर नाचते ती नवरदेवाची घोडी, गल्लीत वाढलेली आणि गल्लीतच शिकलेली. आणि असली कमावती घोडी कुणी आपखुशीने दलालाच्या हाती देत नाही. म्हणजे चोरीची. हे त्याला तिथल्या तिथे कळलं, कारण घोड्यांतलं त्याला खरोखरच कळत होतं. त्याने ठाणाचं दार लोटलं आणि गप्प बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दोन महिने मूठ झाकलेली राहिली. मग जानेवारीत, संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात, कुंवरसाहेबांनी त्याला भर दुपारी बंगल्यावर बोलावलं. ते उन्हात खुर्ची टाकून संत्रं सोलत होते.

“थाने से फोन था,” ते म्हणाले. “घाटगेट का कोई देवराम है. शादियों में घोड़ी ले जाता था. अब अंधा हो गया है. कहता है, दशहरे पर उसकी घोड़ी चोरी हुई और वो मेरे यहाँ बँधी है. कल सुबह नौ बजे हवलदार उसे लेकर आएगा. हाथ लगाकर पहचानेगा.”

त्यांनी एक फोड तोंडात टाकली.

“आपने कहा था, ठाकुर के घर की है. चार लोगों के सामने मैंने आपकी बात मानी.” कुंवरसाहेबांनी संत्र्याची बी अंगठ्याने उडवली. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे. “कल वो घोड़ी उसकी निकली, तो परसों क्वार्टर खाली कर दीजिएगा.”

माझी चूक झाली, हुकम. चारच शब्द होते. पण चोवीस वर्षांच्या नोकरीत आणि आठ वर्षांच्या जमादारीत जनार्दनने ते कधी वापरलेच नव्हते, त्यामुळे वेळेला ते तोंडात आलेच नाहीत. त्याने सलाम केला आणि म्हणाला, “बेफिकर रहिए, हुकम. अपनी ही है.”

बंगल्यापासून तबेल्यापर्यंतच्या वाटेवर त्याने सगळा विचार करून टाकला. आंधळ्याचे डोळे म्हणजे बोटं. ही बोटं काय शोधणार? अयाळ शोधणार, अंगावरचे केस शोधणार आणि गळ्याचा भोवरा शोधणार. मग बोटांना शोधायला काही ठेवायचंच नाही.

घरी येऊन तो रत्नमालेला म्हणाला, “मशीन बाहेर काढ.”

“कुणासाठी?”

“बेगमची हजामत करायचीय.”

“आता? असल्या थंडीत? बाकीच्यांची दिवाळीच्या मागंच झाली की. हिला तर अजून मशीन ठावं पण न्हाई.”

“ठावं होईल.”

“अवं, तुमीच म्हनला हुता ना, पयलं वरीस ऱ्हाऊ दे म्हणून?”

हे खरं होतं. पोलोच्या घोड्यांचे हिवाळी केस दरसाल काढतात, म्हणजे घाम लवकर वाळतो आणि जनावराला सर्दी धरत नाही. पण ज्या घोड्याला कधी मशीन लागलेलं नाही, त्याची आठ दिवस समजूत घालावी लागते. पहिले दोन दिवस नुसता आवाज ऐकवायचा. मग बंद मशीन खांद्यावरून फिरवायचं, गूळ द्यायचा, बोलत राहायचं. मग एक दिवस खांद्यावरचा वीतभर तुकडा काढायचा आणि सोडून द्यायचं. पायांवरचे आणि खोगिराखालचे केस तर राखायचेच असतात. जनार्दनने हे कितीतरी नव्या सईसांना दमात घेऊन शिकवलं होतं. आज तो आठ दिवसांचं काम एका दुपारीत करणार होता, आणि राखणार काहीच नव्हता.

रत्नमालेला त्याने सगळं खरं सांगितलं. तिच्याशी खोटं बोलायची त्याला कधी गरज वाटली नव्हती, कारण ती ऐकत असे. तिने ऐकलं, पेरूच्या झाडाकडे एकदा बघितलं, आणि मशीन काढलं.

ते पलटणीच्या लिलावातलं जुनं चाकाचं मशीन होतं. एकाने मूठ धरून चाक फिरवायचं, की लांब नळीतून जोर जाऊन दुसऱ्याच्या हातातली पाती चालायची. जनार्दनने सईसांना सगळे घोडे घेऊन पोलोच्या मैदानाकडे पिटाळलं आणि चाकावर बायकोला बसवलं.

बेगमला त्याने अगाडी-पिछाडीने जखडलं. पुढचे पाय पुढच्या खुंट्याला, मागचे मागच्याला. चाक फिरलं आणि पात्यांची घरघर सुरू झाली, तशी ती इतकी हिसडली की एक खुंटा हलला. जनार्दनने काठीच्या टोकाला असलेला दोरीचा फास तिच्या वरच्या ओठात अडकवला आणि पीळ दिला. ओठ फासात सापडला की घोडा दुसरं काही करू शकत नाही. त्याचं सगळं ध्यान त्या एका दुखण्याकडे लागतं. बेगम थांबली. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला. त्याने काठी तिच्या तोंडावरच्या मोहरकीला बांधून टाकली आणि खांद्यापासून सुरुवात केली.

केस दाट होते, मुळाशी लोकरीसारखे. पाती उलट्या दिशेने घुसली आणि एकेक पट्टा खाली पडायला लागला. वरून खजुराच्या रंगाची घोडी आतून उंदराच्या रंगाची निघत होती. केस काढल्यावर कुमैत घोड्याचा रंग असाच उतरतो, पण घोड्यांचा धंदा नसलेल्या माणसाला ते ठाऊक नसतं. जनार्दनला बरं वाटलं. हवालदाराच्या कागदावर रंग कुमैत लिहिलेला असणार.

पाती तापली की तेल देऊन थंड करावी लागतात. त्याला तेवढा वेळ नव्हता. पोटाखाली, जिथे कातडी नाजूक असते, तिथे तापलेली पाती लागली तेव्हा बेगमच्या सगळ्या अंगावरून थरथर गेली आणि तिने शेण टाकलं. रत्नमालेने चाक थांबवलं.

“भाजतंय तिला.”

“फिरव.”

“अवं, भाजतंय म्हनते मी!”

“परवा सामान डोक्यावर घेऊन कुठं जाणारेस? भावाच्या दारात? फिरव.”

तिने चाक फिरवलं. तिचा दंड भरून आला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. पाणी केसांनी आलं की कशाने, हे जनार्दनने विचारलं नाही.

अयाळ त्याने कात्रीने कापली आणि मग मशीनने मुळासकट साफ केली. खांद्याजवळ, सगळ्या अयाळीच्या खाली लपलेली, करंगळीएवढी बारीक वेणी निघाली. लाल दोऱ्याने शेवटाला गाठ मारलेली. रत्नमालेने ती उचलून उजेडात धरली.

“सात पेडांची हाय,” ती म्हणाली. “मला चार पेडांच्या म्होरं जमत न्हाई. कुनी घातली आसंल ओ?”

“टाक पोत्यात.”

हजामतीचे सगळे केस ती एका पोत्यात भरत होती. तिच्या माहेरी घोड्याच्या केसांची उशी करत. मानेला बरी असते म्हणत. वेणीही तिने पोत्यात टाकली.

ऊन कलायला लागलं तेव्हा फक्त देवमण राहिला. मशीन फिरवूनही भोवरा बोटाला लागत होता, कारण केस आखूड झाले तरी त्यांची दिशा तीच राहते. जनार्दनने घरातून स्वतःचा दाढीचा वस्तरा आणि साबण आणला.

रत्नमाला उठून उभी राहिली. “त्याला हात लावू नका. देवमण हाय त्यो. देवमणावर वस्तरा फिरवला की घरात दिवा लागत न्हाई, माजी आजी सांगायची.”

“तुझ्या आजीला क्वार्टर सोडायचं नव्हतं.”

त्याने फेस केला आणि भोवरा तळहाताएवढा गोल साफ करून टाकला. कातडी गुळगुळीत, काळी, चकचकीत निघाली. मग त्याने मागे सरून बघितलं. समोर मोठ्या डोक्याचं, बारीक मानेचं, कान ताठ झालेलं, अंगावर मशीनचे आडवेतिडवे पट्टे उमटलेलं उंदरी जनावर उभं होतं. दोन महिन्यांपूर्वी जिच्याकडे पाहुणे बघत राहिले होते, ती घोडी तबेल्यात कुठे नव्हती. आपलं काम चोख झालं, असं जनार्दनला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा थोडा अभिमानही वाटला.

सकाळी नऊला हवालदार सायकलवरून आला. मागच्या कॅरिअरवर देवराम बसला होता. सत्तरीचा, वाळका, मळक्या पागोट्याचा म्हातारा. डोळ्यांत दूध सांडल्यासारखे मोतीबिंदू. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. सईसांना आजही घोडे घेऊन मैदानाकडे पाठवून बेगमला अंगणात आणलं होतं. तिच्या अंगावर झूल नव्हती आणि ती कुडकुडत होती. ओठाला फास होता आणि त्याची काठी जनार्दनच्या हातात होती.

“नाक को क्या बाँधा है?” हवालदाराने विचारलं.

“काटती है.”

हवालदाराने कागद उघडून वाचला. रंग कुमैत, अयाल लंबी. त्याने घोडीकडे बघितलं आणि हसला. “बाबा, ये तो चूहे के रंग की है. अयाल तो है ही नहीं.”

“रंग आप देखो, साहब,” देवराम म्हणाला. “मुझे हाथ लगाने दो.”

तो दोन पावलं पुढे आला आणि हळूच हाक मारली, “लाडो.”

घोडीचे दोन्ही कान त्याच्याकडे वळले. सगळं अंग एकदा शहारलं, आणि नरड्यातून काहीतरी वर यायला लागलं. जनार्दनने काठीला अजून एक पीळ दिला. ते जे काही येत होतं ते आतच राहिलं. कान मात्र वळलेलेच होते. जनार्दनला दिसत होते, फाटकाशी उभ्या असलेल्या रत्नमालेला दिसत होते. हवालदारालाही दिसत होते, पण घोड्याचे कान काय बोलतात हे त्याला कळत नव्हतं. ज्याला कळलं असतं त्याला दिसत नव्हतं.

देवरामचा हात मानेला लागला आणि दचकला. “इसके तो बाल ही नहीं हैं.”

“पोलो का तबेला है, बाबा. सबके उतारते हैं.”

हात वर गेला, अयाळीच्या जागी खुंट लागले. “लाडो की अयाल में मेरी चोटी थी,” तो हवालदाराला सांगायला लागला. “सात लड़ की. मेरे सिवा जयपुर में कोई नहीं डालता. मेरे बाप ने सिखाई थी.”

“इसमें कोई चोटी नहीं है,” हवालदार म्हणाला. त्याला चहाची वेळ झाली होती.

हात खाली उतरला, खांद्यावरून छातीकडे, छातीवरून गळ्याच्या मुळाशी. तिथे तो थांबला. बोटांनी तो गोल एकदा पुरा फिरून बघितला, मग परत फिरून बघितला.

“जमादारजी,” देवराम म्हणाला, “सब जगह मशीन, और यहाँ उस्तरा. क्यों?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळं अंग नुसतं मशीनने केलं असतं तर म्हातारा कदाचित चुकला असता. पण जनार्दनला काम चोख हवं होतं, आणि चोख कामाचाच आता जाब विचारला जात होता. हवालदारानेही पहिल्यांदा मान वर केली. परवाचा दिवस, दारातलं सामान, पेरूचं झाड, सगळं जनार्दनच्या डोळ्यांपुढे आलं. आणि मग उत्तर आपोआप आलं, तयार असल्यासारखं.

“खुजली है,” तो म्हणाला. “वहीं से शुरू हुई. इसी वास्ते सारी उतारनी पड़ी.”

हवालदार टुणकन मागे झाला आणि हात पॅन्टला पुसायला लागला. देवरामने हात काढला नाही. बोटं तशीच त्या चकचकीत गोलावर राहिली. त्याच्या तोंडावर काहीतरी चाललं होतं, आणि जनार्दन ते बघत होता, कारण ते त्याच्या ओळखीचं होतं. तो घोडेवाल्याचा ताठा होता.

“खुजली?” देवराम म्हणाला. “मेरे थान पर चालीस साल में एक जानवर को खुजली नहीं हुई. अपने हाथ से मलता था. लाडो का बदन तो...” त्याने मान हलवली आणि हात मागे घेतला. “नहीं साहब. ये मेरी नहीं है.”

हवालदाराने कागदावर तसं लिहून त्याचा अंगठा घेतला.

म्हाताऱ्याने खिशातून फडक्यात बांधलेला गुळाचा खडा काढला. आणला होताच, परत काय न्यायचा. तो तळहातावर ठेवून त्याने हात पुढे केला. “ले बेटी. किसी की तो होगी.” घोडीचा श्वास त्याच्या तळहातावर येत होता, पण ओठ फासात होता, तोंड उघडत नव्हतं. तो बराच वेळ हात धरून उभा राहिला. मग म्हणाला, “भूख नहीं है इसे,” आणि गूळ पुन्हा फडक्यात बांधला.

जनार्दन जिंकला होता. तो घोडीच्या पाठीला टेकून उभा राहिला.

“खुजली?”

मागून आवाज आला. खोगिरांच्या खोलीच्या दारात कुंवरसाहेब उभे होते. केव्हापासून उभे होते कुणास ठाऊक.

हवालदाराने सलाम ठोकला, सायकलला टांग मारली आणि नळावर हात धुवायच्या निमित्ताने जो गेला तो गेलाच. देवरामला न्यायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही, किंवा आलं असेल पण खरूज झालेल्या घोडीला हात लावलेला म्हातारा त्याला मागे नको असेल. रत्नमालेने म्हाताऱ्याचा हात धरला. “चलो बाबा, बस में बिठा देती हूँ,” असं म्हणत ती त्याला फाटकाकडे घेऊन गेली.

“हुकम, थोड़ी सी है,” जनार्दन म्हणाला.

“तीन साल पहले भी थोड़ी सी थी. सात घोड़े गए थे.” कुंवरसाहेब घोडीपासून दहा पावलांवर थांबले होते. “अगले हफ़्ते टूर्नामेंट है. दिल्ली वालों के बारह घोड़े यहीं ठहरेंगे. उन्हें पता चला तो एक भी नहीं उतारेंगे. आपने मुझे बताया क्यों नहीं?”

“कल ही शक हुआ, हुकम.”

“इसे ख़त्म कीजिए. अभी. सईसों के लौटने से पहले.”

जनार्दनला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “डॉक्टर को दिखा देते हैं, हुकम...”

“डॉक्टर आएगा तो शाम तक सारे शहर में बात हो जाएगी.”

“तो फिर... उस बूढ़े को दे दें? ले जाएगा बेचारा.”

“जिसकी नहीं है उसे दे दें? मेरे तबेले की खुजली वो गली-गली घुमाए?” कुंवरसाहेबांनी त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. “घोड़ी बीमार है ना, जमादारजी?”

आता तीनच शब्द हवे होते. बीमार नहीं है. घोडी वाचली असती. मग वस्तरा का, हा प्रश्न आला असता, आणि त्याच्या मागोमाग बाकीचं सगळं. जनार्दनने फाटकाकडे बघितलं. धुक्यात क्वार्टरच्या धुराड्यातून धूर निघत होता. रत्नमालेने म्हाताऱ्यासाठी चहा टाकला असावा.

“जी हुकम,” तो म्हणाला. “बीमार है.”

बंगल्यातून पिस्तूल आलं. तबेल्यामागे नव्या प्लॉटच्या पायाचे खड्डे खणलेले होते. जनार्दन तिला तिकडे घेऊन गेला. ती शहाण्यासारखी चालली. नोकरीत त्याने अकरा घोड्यांना अशी सुटका दिली होती. पाय मोडलेले, आतडं पिळलेलं, वाचणार नाहीत असे. प्रत्येकाच्या मानेवर त्याने आधी थाप मारली होती. कानापासून समोरच्या डोळ्यापर्यंत दोन तिरक्या रेषा मनात काढायच्या, त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे नळी टेकवायची. एरवी कपाळावरचे केस बाजूला करावे लागतात. ते त्याने कालच काढून टाकले होते.

फास काढल्याशिवाय त्याच्याने मारवेना. तेवढी लाज त्याच्यात उरली होती. त्याने काठी उलटी फिरवून फास सोडला. घोडीने सुजलेला ओठ दोनदा चाटला. मग मान उंच केली, फाटकाच्या दिशेला वळवली आणि नाकपुड्या फुलवून छाती भरून घेतली. ती हाक मारणार होती. एवढ्या अंतरावरून आंधळ्याला ती हाक ऐकू आली असती, आणि आवाजाची काही हजामत करता येत नाही.

जनार्दनने थाप मारली नाही. तिने आवाज काढायच्या आत त्याने पिस्तुलाचा घोडा ओढला.

फाटकाशी आला तेव्हा त्याचे हात स्वच्छ होते. खड्ड्याजवळच्या हौदावर त्याने ते धुतले होते. देवराम क्वार्टरच्या भिंतीला टेकून उन्हाच्या पट्ट्यात बसला होता. हातात चहाचा पेला. रत्नमाला शेजारी उभी होती.

“गोली चली, जमादारजी?” देवरामने विचारलं.

“वही थी. खुजली वाली. छूट गई.”

“अच्छा किया,” म्हातारा म्हणाला. “बीमार जानवर को क्या तड़पाना.”

जनार्दनचं लक्ष म्हाताऱ्याच्या बुडाखाली गेलं. तो पोत्यावर बसला होता. केसांच्या पोत्यावर. तोंड नीट बांधलेलं नव्हतं.

“रत्ने,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “त्या पोत्यावर कुणी बसवलं ह्याला?”

“मी बसवलं,” रत्नमाला म्हणाली. तिने आवाज दबवला नाही. “फरशी गार हुती.”

देवरामने पेला खाली ठेवला. थंडीने त्याची बोटं आखडली होती. ऊब शोधत हात पोत्याच्या तोंडात शिरला आणि तिथेच थांबला. त्याने मूठभर केस बाहेर काढले, बोटांत चोळले, नाकाशी नेले. पुन्हा हात आत घातला, कोपरापर्यंत. काहीतरी चाचपडत राहिला. जनार्दन एक पाऊल पुढे झाला, तशी रत्नमाला मध्ये येऊन उभी राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली होती. ती अशी कधी उभी राहिली नव्हती.

हात बाहेर आला तेव्हा त्यात करंगळीएवढी वेणी होती.

म्हातारा ओरडला नाही. त्याने ती मांडीवर सरळ केली, शेवटची दोऱ्याची गाठ चाचपली, आणि नखाने एकेक पेड वेगळा करत मोजायला लागला. एक. दो. तीन. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. सातपर्यंत आला. थोडा थांबला. मग चूक झाली असेल, असं वाटल्यासारखा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.